उन्हाळ्यात अंगणातील काँक्रीट: प्रमाण आणि पाणी

प्रश्न (अमळनेर): घरामागे मोटारसायकल उभी करण्यापुरते चार इंच जाडीचे काँक्रीट घालावयाचे आहे. गिरणा नदीची वाळू आणि पाऊण इंची खडी आणली आहे. माल पत्र्यावर हातानेच कालवावा लागेल. प्रमाण काय धरावे? गवंडी म्हणतात, पाणी सढळ घातले की माल पसरायला सोपा जातो.

उत्तर (भुसावळ): एम २० या मजबुतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी यांचे प्रमाण १ : १.५ : ३ धरावे. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते; म्हणजे वाळू ५२ आणि खडी १०५ लिटर, तीही शीग लावलेल्या घमेल्याने नव्हे, तर एकाच डब्याने मोजून. हाताने कालवताना सिमेंट दहा टक्के जास्त घ्यावे. वाळू-सिमेंट कोरडेच एकरंगी होईपर्यंत परतावे, मग खडी आणि शेवटी पाणी. गोणीमागे ३० लिटर ही कमाल मर्यादा समजावी; वाळू ओली असल्यास त्याहून कमी. जादा पाणी उडून गेल्यावर आत पोकळ्या राहतात आणि वरचा थर भुकटीसारखा निघतो, त्यामुळे गवंड्यांचे येथे ऐकू नये.

उत्तर (धुळे): आपल्याकडचे ऊन पाहता काम संध्याकाळी काढावे आणि खडीवर आधी पाणी मारून ती गार करावी. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे राखमिश्रित) सिमेंट असल्यास, पृष्ठभाग घट्ट झाल्यावर कडेने मातीचे आळे करून १४ दिवस पाणी साठवून ठेवावे. नुसते सकाळ-संध्याकाळ शिंपडणे मे महिन्यात पुरत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. गोणी पीपीसीचीच आहे.