मदत हवी आहे : लामार्क एंजल मादीचे पर काळे पडत आहेत, कोणते औषध द्यावे?

समुद्रवेडा
नमस्कार. माझ्याकडे लामार्क एंजल या समुद्री माशाच्या दोन माद्या आहेत. त्यांपैकी मोठीच्या पोटाखालच्या पांढऱ्याशुभ्र परांवर गेल्या दहा दिवसांपासून काळी छटा चढत आहे. आधी ती फक्त कडेला होती, आता जवळजवळ मुळापर्यंत पोहोचली आहे. पाण्याच्या सर्व चाचण्या ठीक आहेत. संसर्ग असेल तर धाकटीलाही होईल, म्हणून उद्या सकाळपर्यंत औषधाचे नाव कळणे फार गरजेचे आहे.

प्रवाळकट्टा
औषध सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. टँक केवढा आहे? मासा खातो का? अंगावरचा वरचा जाड पट्टा पूर्वीसारखाच आहे की बारीक होत आहे? चाचण्या ठीक म्हणजे आकडे काय आले? आणि सर्वांत महत्त्वाचे, या दोघींसोबत नर आहे का, किंवा होता का?

संथपाणी
मी बारा वर्षे एंजल पाळत आहे. सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवावेत, जोडी आपोआप जमते. पाणी किंचित आम्लधर्मी ठेवून पाटीचा तुकडा उभा लावला, तर मादी त्यावर अंडी घालते आणि दोघे मिळून राखण करतात.

प्रवाळकट्टा
संथपाणी, आपला अनुभव ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातील एंजलचा आहे. तो सिक्लिड कुळातला मासा असून त्याचे लिंग बदलत नाही. हा समुद्रातला आहे. याची अंडी पाण्यात तरंगत जातात आणि त्यांची राखण कोणीच करत नाही.

काळाखडक
रंगात फरक दिसला की मी मासा वेगळ्या टँकमध्ये घेऊन तांब्याचे औषध सुरू करतो. वाट पाहण्यात मासे जातात, हे मी सोसले आहे.

खाजणकाठ
निदान न करता तांबे देऊ नये, ही कळकळीची विनंती. एंजल मासे तांब्याला नाजूक असतात आणि पहिला परिणाम त्यांच्या भुकेवर होतो.

समुद्रवेडा
टँक चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. क्षारता १.०२५, तापमान २६ अंश, नायट्रेट १०. खाणे उत्तम. पट्टा बारीक झाल्यासारखा वाटतो, पण मी नीट पाहिलेला नाही. नर होता. पाच आठवड्यांपूर्वी रात्री त्याने टँकबाहेर उडी मारली आणि सकाळी फरशीवर कोरडा सापडला. त्याचा पराच्या रोगाशी संबंध नसल्यामुळे मी ते लिहिले नव्हते. दुसऱ्या नराचे पैसे भरले आहेत, तो शनिवारी येईल. कृपया औषध सांगा.

खाजणकाठ
संबंध नेमका तोच आहे. हा रोग नाही; आपली मोठी मादी नर होत आहे. जेनिकँथस वंशातील एंजल आधी मादी असतात, आणि कळपावर वचक ठेवणारा नर नाहीसा झाला की उरलेल्यांतली सर्वांत मोठी मादी काही आठवड्यांत त्याची जागा घेते. लामार्कमध्ये हे डोळ्यांना दिसते, कारण मादीचे पोटाखालचे पर पांढरे असतात आणि नराचे काळे. मादीचा वरचा जाड पट्टा शेपटीच्या खालच्या पाकळीपर्यंत वळत जातो, तोही आता विरत जाईल, शेपटीची टोके लांबतील आणि कपाळावर पिवळा ठिपका येईल. औषध नको, आणि शनिवारचा नर तर मुळीच नको.

दोनपट्टे
माझ्या क्लाऊनफिशमध्ये मोठी मादी मेल्यावर नराची मादी झाली. त्यामुळे इथेही मोठी मादीच राहील आणि धाकटी नर होईल, असे मला वाटते.

प्रवाळकट्टा
क्लाऊनफिशचा क्रम उलटा आहे, तिथे सर्वांत मोठा मासा मादी असतो. तो नियम इथे लावता येणार नाही.

काळाखडक
औषधाचे म्हणणे मी मागे घेतो. नर मात्र आणावा. १९९६ साली जपानमधील संशोधकांनी सेंट्रोपायगी या एंजल माशांच्याच वंशातील तीन जातींत नराची पुन्हा मादी झाल्याचे नोंदवले आहे. बलवान नर आला की हीसुद्धा माघार घेईल आणि आपल्याला एक नर, दोन माद्या असा कळप परत मिळेल.

खाजणकाठ
ती नोंद खरी आहे, पण ती लहान चणीच्या दुसऱ्या वंशाची आहे, आणि उलटा बदल सरळ बदलापेक्षा बराच सावकाश होतो. तेवढे दिवस हे दोन नर चार फुटांत काय करतील, याचा विचार व्हावा. एंजलच्या गालावर मागे वळलेला काटा असतो. त्या काट्याने चिरलेला डोळा मी माझ्याच टँकमध्ये पाहिला आहे, आणि तो मासा वाचला नाही. शिवाय लामार्क वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. या टँकमध्ये दोनच पुष्कळ झाले.

समुद्रवेडा
आज संध्याकाळी मुख्य दिवे मालवल्यावर निळ्या दिव्यात अर्धा तास समोर बसून राहिलो. वरचा पट्टा खरोखरच तुटक झाला आहे. मोठा मासा सगळे पर ताठ उभारून धाकटीच्या पुढ्यात थरथरत होता, मग तिच्या खाली जाऊन त्याने दोनदा तिच्या पोटाला तोंड लावले. मी याला भांडण समजून दोघांमध्ये जाळी टाकणार होतो.

खाजणकाठ
जाळी टाकू नका, ती प्रणयाराधना आहे. समुद्रातही ती सूर्यास्ताच्या सुमारासच चालते. धाकटीचे पर फाटू लागले किंवा तिने खाणे सोडले, तरच वेगळे करण्याचा विचार करावा.

समुद्रवेडा
नर रद्द करण्यासाठी दुकानदारांना आत्ताच फोन केला. पैसे परत मिळणार नाहीत, पण त्या रकमेत ते दुसरे सामान देण्यास तयार आहेत. काय घ्यावे?

प्रवाळकट्टा
झाकणाची जाळी. आपल्या लिहिण्यात झाकणाचा उल्लेख अजून कुठेच आलेला नाही.