मदत हवी आहे: शेवटच्या नळाला क्लोरीन पोचत नाही
राजापूरकडची शाळा, विहिरीचं पाणी, 2000 लिटरची टाकी. शाळा भरण्याआधी हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) बादलीत कालवून, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत ओततो. अर्ध्या तासाने ओटी तपासणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी, ऑर्थोटोलिडिन द्रावणाची चाचणी) टाकीजवळ पिवळा रंग येतो, पण हात धुण्याच्या शेवटच्या नळाचं पाणी कोरंच. तिथे 0.2 पीपीएम (लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम) तरी क्लोरीन हवं. पावसात पावडर ओल धरते, गोळे होऊन जोर जातो, पण हा डबा नवा, घट्ट झाकणाचा आहे. पाइपातला गाळ क्लोरीन खातोय का? मात्रा वाढवली की वासाने मुलं पाणीच पीत नाहीत. पाइप धुवायला द्रावण किती तीव्र घ्यावं, किती तास भरून ठेवावं?