लॉकडाऊन बरोबर होता का चूक? आमच्या घरात अजून मिटेना

मांडववाला_सांगली:
एवढ्या वर्षांनी हा विषय काढतोय म्हणून हसू नका लोकहो, पण काल रात्री जेवताना आमच्यात परत तेच झालं. आमचा मंडप-बिछायतीचा धंदा, आजोबांपासूनचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फूट पाणी चढलं तेव्हा गोडाऊनमधल्या गाद्या-लोड सगळं गेलं, ते परत भरायला वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, आणि सीझन तोंडावर आला तर मार्च २०२० ला सगळं बंद. घेतलेले विसार परत द्यायला लागले. २०२१ ला वाटलं निभावतंय, तर एप्रिलात नियम आला, २५ माणसं, २ तासांत लग्न उरका, नाहीतर ५० हजार दंड. २५ माणसांना मांडव कोण घालतंय ओ? गोडाऊन उघडलं तर कनातीच्या घड्यांत उंदरांची पिल्लं होती आणि खुर्च्यांच्या चळती एकमेकीला चिकटून बसलेल्या, ओढली की पाय मोडून हातात.

आता दुसरी बाजू. त्याच २०२१ च्या मे महिन्यात माझे काका कोरोनानं गेले. बेडसाठी दीड दिवस सांगली-मिरज-तासगाव फिरलो, मिळाला तेव्हा उशीर झालेला. काकी आमच्यातच असतात. काल वडील बोलून गेले, "उगं शटर पाडायला लावली, रोगापेक्षा कर्जानं जास्त मेली माणसं." काकी ताटावरनं उठल्या. म्हणल्या, "आठ दिवस आधी बंद केलं असतं तर ते आज पंगतीला असते."

मला दोघांचंही खरं वाटतंय. मग हा हिशोब मांडायचा कसा?

मिरजेची_सिस्टर:
मी तेव्हा कोविड वॉर्डात ड्युटीला होते, आता रिटायर. लॉकडाऊननं रोग जात नाही, पेशंट एकदम अंगावर येत नाहीत, एवढंच. पण तेवढंच लागतं, कारण वॉर्डात ऑक्सिजनचे पॉईंट ४० असले की ४१ वा पेशंट स्ट्रेचरवरच राहतो, मग त्याचं वय काय आणि घरी कोण आहे हे विचारून काही उपयोग नसतो. आणि लागण झाल्यापासून दम लागून माणूस आमच्यापर्यंत यायला आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणजे आज शटर पाडलं तर वॉर्डात फरक दिसायला दोन आठवडे. म्हणून काकींचं आठ दिवसांचं बोलणं मला खोटं वाटत नाही.

पण वडिलांचंही ऐका. २०२० च्या मार्चअखेरीला इस्लामपुरात (आत्ताचं ईश्वरपूर) २५ च्या आसपास पेशंट निघाले, भाग सील केला, संपर्कातली माणसं हुडकली, साखळी तुटली. ते कामाचं होतं. पण २५ मार्च ते ३१ मे, ६८ दिवस, जिथं एकही पेशंट नव्हता त्या गावांनी पण घरात बसून काढले. आणि पुढच्या वर्षी खरी गरज पडली तेव्हा लोकांच्यात दमच उरला नव्हता, मास्क हनुवटीला आणि जो तो म्हणणार आता किती दिवस.

विट्याचा_गलाईवाला:
आमचं सोनं-चांदी गाळायचं दुकान परराज्यात. टीव्हीवर रात्री ८ ला सांगितलं, १२ पासनं देश बंद. ४ तास! चार तासात भट्टी इझवून गिऱ्हाईकाचा माल परत करायचा का पोराबाळांना घेऊन गाडी हुडकायची? मे महिन्यात पदरचे पैसे घालून गाडी करून आलो तर गावानं शाळेत १४ दिवस ठेवलं, सख्खा भाऊ लांबनंच डबा ठेवून जायचा. त्याचा राग नाय, त्यानं बराबरच केलं.
राग कशाचा हाय सांगू का. "बंद ठेवा, बंद ठेवा" म्हणणाऱ्यांत एक तारखेला पगार जमा होणारी किती आणि रोजच्या गल्ल्यावर खाणारी किती, ते एकदा मोजा.

कराडचा_आकडेमोड्या:
एप्रिल-जून २०२० ला देशाचा जीडीपी २३.९ टक्क्यांनी पडला, हे सगळं लॉकडाऊनच्या नावावर खपवतात. पण अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी मोबाईलच्या डेटावरनं काढलं, दुकानातली गर्दी ६० टक्क्यांनी घटली, त्यात सरकारी आदेशामुळं फक्त ७, बाकी लोक भीतीनंच घरात बसले. म्हणजे मांडववाले, बंदी नसती तरी त्या मे महिन्यात हजार माणसांचं लग्न कुणी केलं असतं का?

विट्याचा_गलाईवाला:
अमेरिकेतल्या मोबाईलचं आम्हाला नका सांगू. हितं पोलिसाच्या काठीनं माणूस घरात गेला. आन भीतीनं बसायला घरात आधी पीठ लागतं.

कराडचा_आकडेमोड्या:
काठीचं मान्य, पिठाचंही मान्य. उलट मला तेच म्हणायचंय. ७ जून २०२१ पासून राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर केले आठवतंय? पॉझिटिव्हिटी (शंभर टेस्टमागं पॉझिटिव्ह निघालेले) किती आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत, या दोन आकड्यांवर आपलं दुकान उघडायचं का नाही ते ठरायचं. रोजगार किती बुडाला हा रकानाच नव्हता. (आणि पॉझिटिव्हिटी खाली आणायची तर टेस्ट वाढवायच्या, ही आयडिया सगळ्यांना लगेच कळली, असो.) ब्रिटननं कामगार घरी बसवले तर पगाराच्या ८० टक्के सरकारनं भरले. आपल्याकडं एप्रिल २०२१ ला परवानाधारक रिक्षावाले, फेरीवाले वगैरेंना १५०० रुपये जाहीर झाले, मंडपवाला, आचारी, वाढपी कुठल्याच यादीत नाही. आणि रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली ती बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना, पतसंस्था मुळात रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही. तुमच्या वडिलांचं कर्ज पतसंस्थेचं म्हणताय म्हणून सांगितलं.

वाईकडचा:
आमची पणजी सांगायची, प्लेगात गाव उठून माळावर झोपड्यांत जायचं. पण आधी धान्याची पोती गाडीत चढायची, मग माणसं. २०२० ला आपण माणसं आधी कोंडली आणि पोत्यांचं नंतर बघू म्हणलो.
आमची स्ट्रॉबेरी पाचगणी-महाबळेश्वरच्या पर्यटकांवर चालते, त्या एप्रिलात म्हशीपुढं टाकली, दोन दिवसांनी म्हशीनं पण तोंड फिरवलं. तरी गर्दी थांबवली ते चूक असं मी म्हणणार नाही, माझी आई दम्याची आहे.

मांडववाला_सांगली:
सगळ्यांचे आभार. दोघांना बसवून वाचून दाखवलं. पतसंस्थेचं ऐकून वडील म्हणले, "मग तवा हप्ता माफ झाला म्हणून सांगणारा कोण होता?" तो मीच होतो, गप बसलो. काकींनी सिस्टरांचं दोनदा वाचायला लावलं.

भांडण मिटलंय असं नाही, आज सकाळी चहाला परत थोडं झालंच. पण एक गोष्ट निघाली जी आजपर्यंत आमच्यात कुणी बोललं नव्हतं. काका गेले तेव्हा घरात ३०० खुर्च्या होत्या आणि दारात एक मांडली नाही, बॉडी पण परस्परच नेली. पुढच्या महिन्यात काकांची तिथी आहे, वडील म्हणतायत यंदा दारात मांडव घालायचा, गल्लीला जेवायला बोलवायचं. काकी म्हणल्या, घाला, पण ती उंदरानं खाल्लेली कनात लावू नका.

तर कनातीचं कापड इचलकरंजीत होलसेलमध्ये कुठं बरं मिळतं, कुणाला माहिती असेल तर सांगा.