सीडी विकून सगळं हार्ड डिस्कवर? जयपूर-अत्रौलीवाल्यांनी आधी हे वाचा

रंकाळाकाठ:
जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचा वारसा सांगणाऱ्या कोल्हापुरात लोक गाणी हार्ड डिस्कवर टाकून सीड्या रद्दीच्या भावानं काढायला लागलेत, म्हणून लिहितोय. सीडीत सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल; म्हणजे १,४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट). १२८ केबीपीएसची एमपी३ त्याच्या अकराव्या हिश्श्याची. फरक कुठं ऐकू येतो? तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा 'ना' ऐका. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे करून जागा वाचवते. तुकड्यात मधेच ठणका आला, की त्यातली चूक ठणक्याच्या आधीच्या शांततेतही सांडते. बोलाची धार जाते, मागं 'फस्स' राहतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणझणीत गुंजही पाणचट होते.

फाइलवाला_राजारामपुरी:
भावा, १२८ ची एमपी३ पुढं करून सगळ्या फाइलींना फाशी कशाला? फ्लॅक घे, काही न गाळता आवाज दाबून ठेवणारी फाइल. सीडीच्या साधारण निम्म्या जागेत बसते आणि उघडली की बिट न् बिट तोच. सीडी तरी काय, प्लास्टिकवर छापलेली फाइलच की.

रंकाळाकाठ:
फाइल तीच, पण वाजते कशावर? बरेच फोन सेकंदाच्या ४४.१ हजार नमुन्यांचे ४८ हजार करूनच पुढं ढकलतात. वर ब्लूटूथ लावलं की पुन्हा काटछाट. त्या फ्लॅकचा उपयोग काय राव?

फाइलवाला_राजारामपुरी:
मग तो दोष फोनचा. यूएसबी डॅक (आकड्यांचा आवाज करणारी बाहेरची डबी) लाव, विंडोजवर वासापी एक्स्क्लुझिव्ह मोड चालू कर, म्हणजे मधे कुणी आकडे बदलत नाही, विषय संपला. खरी गोची रिप करताना, म्हणजे सीडीवरून फाइल काढताना होते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅममध्ये सिक्युअर मोड ठेवायचा, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचन किती नमुने पुढंमागं सरकतं तो आकडा) भरायचा, अ‍ॅक्युरेटरिप या इतरांच्या रिपच्या ऑनलाइन यादीशी ताळा बघायचा. नाट्यसंगीताची एखादी सीडी त्या यादीत नसली, तर 'टेस्ट अँड कॉपी' करून दोन्ही सीआरसी, म्हणजे फाइलीचे पडताळणी-आकडे जुळतात का पाहायचं. जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा. एकाच ड्राइव्हनं दोनदा तीच चूक वाचली, तरी आकडे जुळतातच.

मात्रा_साडेसोळा:
दोघंही आवाजाची पातळी विसरलात. अर्धा डेसिबल मोठं वाजलं तरी कान त्यालाच 'खुलं' म्हणतो. फूबार या प्लेअरमध्ये एबीएक्स, म्हणजे कुठली फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायची चाचणी लावा, आधी पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणा, मग सोळापैकी किमान बारा वेळा ओळखून दाखवा. ३२० ची एमपी३ आणि सीडी यांत बहुतेकांची तिथंच दांडी उडते.

रंकाळाकाठ:
दांडी उडू दे. मास्टरचं, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात त्या मुद्रणाचं काय? त्याच गाण्याची नवी 'रीमास्टर' फाइल उघडून बघा, लहरीचे शेंडे सपाट कापलेले. जुन्या सीडीत तिहाईनंतरची (तीनदा तोच तुकडा घेऊन) समेवरची उडी जिवंत असते.

फाइलवाला_राजारामपुरी:
हे मान्य. पण तो गुण जुन्या मास्टरचा, चकतीचा न्हाई. तीच जुनी सीडी रिप केली की उडीही फाइलीत आली. आणि ७८ आरपीएमच्या तीन मिनिटांच्या तबकडीवरून केलेली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजणीची फाइल विकत घेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तिथं वरच्या पट्टीत बहुतेक खरखरच. ही खरखर जास्त घासून काढली की गळ्याची किनारही जाते.

मात्रा_साडेसोळा:
अजून एक. जत्रेत-बाजारात मिळणाऱ्या निम्म्या-किमतीच्या सीड्या बऱ्याचदा एमपी३ वरूनच बर्न केलेल्या असतात. रिप करून स्पेक या आवाजाच्या पट्ट्यांचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका. १६ किलोहर्ट्झवर सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर जवळपास नक्की समजा. असली सीडी फ्लॅक केली तरी गेलेलं परत येत नाही.

रंकाळाकाठ:
हे आधी सांगायचं! बरं, पुसायचं कसं तेही लिहा, पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते.

फाइलवाला_राजारामपुरी:
मऊ सुती कापड, मधून कडेला सरळ. गोल फिरवायचं नाही. डेटा वर्तुळात असतो, गोल चरा लांबलचक सलग भाग खातो. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग चूक सीडी स्वतः भरून काढते, पुढं अंदाजानं जोडते. आणि छापलेली बाजू जास्त जपा, चमकता थर तिच्याच खाली असतो, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याआड. तिथं चरा पडला तर पॉलिश करून काही होत नाही.

रंकाळाकाठ:
मग ठरलं. रिप करतो, सीआरसी जुळवतो, पण चकत्या विकत नाही. कुणी मागायलाही येऊ नका.