पेंटाटॉनिक पाठ आहे, पण सोलो पाढे म्हटल्यासारखा वाटतो

वारजेकर:
नमस्कार मंडळी. गिटारवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरून गाणी बरीच वर्षं वाजवतोय, आता लीडच्या, म्हणजे एकेक सुराने सोलो वाजवण्याच्या मागे लागलोय. ए मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचे पाचही बॉक्स (गळ्यावरच्या बोटांच्या जागा) पाठ आहेत. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग लावतो (ए मायनर, एफ, सी, जी या कॉर्ड, प्रत्येकी एक बार म्हणजे एक आवर्तन) आणि पाचव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पट्टीवर) खाली-वर, खाली-वर. हात चांगला पळतो. परवा पंधरा मिनिटं वाजवल्यावर बायकोने विचारलं, "तारा लावून झाल्या का?" सोसायटीच्या गणपतीत एका गाण्यात सोलोची जागा मिळाली आहे. हार्मोनिक मायनर, मोड्स वगैरे नवीन स्केल शिकायला घेऊ का?

मागची_रांग:
वहिनींना सांगा, कान उत्तम आहे.

नवीन स्केल अजिबात नको. मी वाद्यवृंदात गिटार वाजवतो. बालगंधर्व, टिळक स्मारक, गणपतीत मांडव. समोर बसलेल्या माणसाला स्केल ऐकू येत नाही, पण कॉर्ड बदलली की बरोब्बर कळतं. तुम्ही चारही कॉर्डवर एकच वाजवताय, म्हणून सोलो गाण्याच्या शेजारून चालल्यासारखा वाटतो.

आठवडाभर फक्त हे करा. तिसऱ्या तारेवर (सगळ्यात बारीक तारेकडून मोजून) पाचव्या फ्रेटला सी आहे. ए मायनर, एफ आणि सी, तिन्ही कॉर्डवर तोच एक सूर वाजवून धरून ठेवा. हात हलवू नका, खाली कॉर्ड बदलली की त्याच सुराचा रंग बदलतो, तो ऐका. मग जी आली की एक फ्रेट खाली या, चौथ्यावर. तो बी. जी कॉर्डमध्ये बी आहे, त्यामुळे तिथे सी धरून बसलात तर खटकतं आणि बीवर उतरलात की हायसं वाटतं. तुमच्या पाठ केलेल्या पाच बॉक्सांत हा बी कुठेच नाही, म्हणून तो आजवर हाताला लागला नाही.

हे बसलं की प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या बीटवर तिचा तिसरा सूर: ए मायनरला सी, एफला ए, सीला ई, जीला बी. मधल्या जागेत काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. काहीच नाही केलं तरी चालतं, गायकसुद्धा श्वास घेतोच की. जे तोंडाने म्हणता येत नाही ते वाजवायचं नाही, असा नियम काही दिवस पाळून बघा.

टिकटिक:
एवढा विचार कशाला? मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ६० वर लावा, रोज ५ ने वाढवा. वेग आला की बाकीचं आपोआप येतं.

मागची_रांग:
वेग त्यांच्याकडे आहे हो. तोच तर त्रास आहे.

पेटीवाली:
मला गिटार येत नाही, पण ए ला सा धरला तर तुमचे सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हे तर धानीचे सूर! आणि तेच पाच सूर सी ला सा मानून वाजवलेत तर भूप होतो. मुक्काम कुठे करता यावरच सगळं आहे. आमच्या पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, तुम्हाला तार ओढायची सोय आहे. त्या मेल्या गिटारचा हेवा वाटतो.

मागची_रांग:
ताई, मींड म्हणालात ते बरं झालं, कारण निम्मे सोलो बेंडमध्येच (तार ओढून सूर चढवताना) बेसूर होतात. वारजेकर, तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी ओढून ई पर्यंत न्या. पोहोचला की नाही हे दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी ताडून बघा, तिथे ई आहेच. अनामिकेने ओढा, मागे मधलं आणि पहिलं बोट टेकू द्या, अंगठा गळ्यावरून वर काढा. जोर मनगटाच्या फिरण्यातून आला पाहिजे, नुसती बोटं ढकलू नका. ०९ च्या (बारीक) तारा असतील तर उलटा धोका: सूर सहज पुढे निघून जातो. आधी बेंड सुरात पोहोचू द्या, व्हायब्रॅटो (सुराला दिलेला कंप) मग. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एका सुरात ओळखू येतो तो त्या व्हायब्रॅटोमुळेच.

वारजेकर:
सी-बी करून बघितलं. विचित्र आहे, दोनच सूर आणि गाणं ऐकू येतंय! एक अडचण: जी संपून परत ए मायनर येते तेव्हा बीवरून सीवर स्लाइड करू की पिक मारू?

मागची_रांग:
बी पहिल्या बोटाने धरा आणि मधल्या बोटाने हॅमर-ऑन करून (पिक न मारता बोट तारेवर आपटून) सी, अगदी पहिल्या बीटवर. घाई करून आधी पोहोचू नका. आणि डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद ठेवून सराव करा, त्यात बेसूर बेंडही खपून जातो. कार्यक्रमाच्या दिवशी खुशाल लावा.