सिमेंट चिकटवत नाही, पकडून धरते
खुबा-प्रत्यारोपणात सिमेंट गोंदासारखे काम करते आणि म्हणून दांड्याचा, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या मांडीच्या हाडात बसणाऱ्या भागाचा, पृष्ठभाग जितका खरबरीत तितकी पकड चांगली, असा एक समज आहे. दोन्ही मुद्द्यांबद्दल थोडी भर घालतो. हे सिमेंट, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, हाडाला रासायनिकरीत्या चिकटत नाही. मऊ असताना ते दाबाने हाडाच्या जाळीदार पोकळ्यांत शिरते आणि तिथेच कडक होऊन अडकते. म्हणूनच सिमेंट भरण्याआधी रक्त व चरबी धुऊन काढणे हे, माझ्या मते, सिमेंटच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

खरबरीतपणाबाबत एक्सेटर नावाच्या दांड्याचा इतिहास बोलका आहे. १९७० मध्ये तो गुळगुळीत, चकाकता होता, १९७६ मध्ये त्याला मॅट, म्हणजे न चकाकणारा व किंचित खरबरीत, पृष्ठभाग दिला गेला आणि सैल होण्याचे प्रमाण वाढल्यामुळे १९८६ मध्ये तो पुन्हा गुळगुळीत करण्यात आला. निमुळता गुळगुळीत दांडा सिमेंटच्या आवरणात किंचित खाली सरकतो, पाचरीसारखा अधिक घट्ट बसतो आणि भार मुख्यतः दाबाच्या रूपाने पुढे देतो. सिमेंट ताणापेक्षा दाब कितीतरी चांगला सोसते. खरबरीत दांडा मात्र एकदा सुटला की प्रत्येक हालचालीसरशी सिमेंट झिजवून त्याचे कण निर्माण करतो. अर्थात, सरकू नये याच हेतूने घडवलेल्या कॉलरच्या (वरच्या बाजूला कडा असलेल्या) दांड्यांना हे पाचरीचे गणित लागू होत नाही.