सोल्डरिंग : झाळणे, डाख की टाका?

अर्धविराम
किंडल पेपरव्हाइटच्या बोर्डावर सिरिअल तारा कशा लावायच्या, याचं मराठी टिपण लिहायला घेतलंय. तीन शब्दांवर अडलोय : सोल्डरिंग, टिनिंग, सिरिअल. शेवटच्याला 'एकसर जोडणी' चालेल का?

ओहमकार
अजिबात नको. शालेय पुस्तकातली एकसर आणि समांतर जोडणी रोधांची. तिथला मूळ शब्द 'सीरीज' आहे. सिरिअल म्हणजे एकाच तारेतून एकामागून एक जाणारे बिट. 'क्रमिक' म्हणा, नाहीतर सरळ सिरिअल. एकसर लिहिलंत तर वाचणारा टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) एका माळेत ओवून बसेल. खरी जोडणी अदलाबदलीची असते : बोर्डाचा टीएक्स संगणकाला जोडलेल्या यूएसबी-सिरिअल अडॉप्टरच्या आरएक्सला, बोर्डाचा आरएक्स अडॉप्टरच्या टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. चौथी, व्हीसीसीची म्हणजे वीजपुरवठ्याची तार लावायचीच नाही. बोर्डाला स्वतःची बॅटरी आहे.

आणि ग्राउंडला 'भूसंपर्क' लिहू नका. बॅटरीवरच्या वस्तूचा जमिनीशी काय संबंध? फार तर 'सामाईक शून्य'.

तर्जनी
सोल्डरिंगला 'डाख देणे' का नाही? चांगला मराठी शब्द आहे.

चिमटा
डाख म्हटलं की डोळ्यांपुढे सोनार येतो. त्याचा डाख सहाशे अंशांच्या बराच पुढे वितळतो आणि सोबत टाकणखार लागतो. इथली ६३:३७ कथील-शिशाची तार १८३ अंश सेल्सिअसलाच वितळते. म्हणून क्रियापद 'झाळणे', आणि झाळलेल्या एका बिंदूला 'टाका'. वेल्डिंगवाले 'टाका मार' म्हणतातच.

टिनिंगला मात्र आयता शब्द आहे : कल्हई. काम तंतोतंत तेच, तांब्यावर कथलाचा पातळ थर. फरक एवढाच की भांड्याला नवसागर चालतो, बोर्डाला नाही. मागे राहिलेला क्लोराइड बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या खातो. इथे राळेचा फ्लक्स, म्हणजे झाळताना धातू स्वच्छ ठेवणारा पदार्थ. ३० गेजची तार दीड-दोन मिलिमीटर सोला, तिला कल्हई करा, बोर्डावरच्या टिकलीलाही (पॅडला, जिथे तार झाळायची) कणभर करा. मग तार टिकलीवर ठेवून ३२० ते ३५० अंशांचं टोक सेकंदभर टेकवा. नवी तार द्यायची गरज नाही, दोन्हीकडची कल्हई एकमेकींत मिसळते. तीन-चार सेकंद रेंगाळलात, किंवा गार होण्याआधी तार ओढलीत, तर टिकलीच उखडू शकते. टाके झाले की तारा टाक्यांपासून सेंटिमीटरभर अंतरावर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपने बोर्डाला चिकटवा, ओढ टाक्यावर येता कामा नये.

तर्जनी
'टिकली' आवडला. पॅडपेक्षा नेमका.

ओहमकार
टिपणात व्होल्टेजचा इशारा ठळक असू द्या. पेपरव्हाइटची सिरिअल १.८ व्होल्टची आहे. बाजारातले बरेच अडॉप्टर ३.३ किंवा ५ व्होल्टचे; तसा थेट लावला तर प्रोसेसरची आरएक्स पिन जळू शकते. अडॉप्टरमधल्या एफटी२३२आर चिपच्या व्हीसीसीआयओ पिनला (सिग्नलचं व्होल्टेज ठरवणारी) १.८ दिलं की तिचे सिग्नल १.८ वर येतात, पण तयार अडॉप्टरवर ती पिन बहुधा ३.३ ला किंवा ५ ला जोडलेली असते. ती आधी सोडवा. दुसऱ्या कुठल्या ई-रीडरचं काम असेल तर बोर्डाच्या टीएक्स आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर धरा. लाइन शांत असताना टीएक्स वरच्याच पातळीवर असतो, तोच आकडा धरायचा.

अर्धविराम
उघडण्यासाठी 'उचकटणे' लिहिलंय.

चिमटा
बदला! उचकटण्यात जोर आला, आणि तिथेच पडदे फुटतात. पुढची चौकट चिकटवलेली असते आणि ई-इंकच्या पडद्यामागे पातळ काच असते. 'उकला' म्हणा : हेअर ड्रायरने कडा कोमट करायच्या, प्लॅस्टिकची पाती फक्त कडेकडेने फिरवायची, आत खुपसायची नाही. इस्त्री टेकवण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढलेला हवा.

तर्जनी
इस्त्री? सोल्डरिंग आयर्नला इस्त्री म्हणणार?

चिमटा
चूक माझी. गन म्हणा, दुकानात तेच मागतात.

अर्धविराम
आणि ड्राय सोल्डरला, म्हणजे नीट न धरलेल्या टाक्याला?

ओहमकार
'कच्चा टाका', शिवणकामातला. चांगला टाका चकचकीत असतो आणि टिकलीकडे उतरत जातो. कच्चा मळकट, दाणेदार, थेंबासारखा नुसता बसलेला. टाके तपासायला संगणकावरच्या सिरिअल प्रोग्रामात वेग ११५२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं लावून बघा. अगम्य अक्षरं आली तर बहुधा वेग चुकलाय. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स उलटे असू शकतात. बूटचा मजकूर नीट दिसतोय पण टाइप केलेलं पोचत नाही, तर बोर्डाच्या आरएक्सचा टाका आधी तपासा.